लोह मातीत आहे, माशात आहे, गोळीत आहे; अंगी लागतं कुठलं?

देवगड तालुक्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या काही गरोदर बायका उपकेंद्रातली लाल गोळी घेतात, काहीजणी मेडिकलमधून महागडी गोळी आणतात, कुणी सिरप पितं. घरात मासे असतात, नाचणी असते, जमीन तर लोखंडानं लालच. तरीही हिमोग्लोबिन नऊच्या आसपास घुटमळतं. मग कुठलं लोह अंगी लागतं? आणि जस्त, आयोडिन, तांबं, सेलेनियम यांचंही असंच असतं का?

ताई, जमिनीचा उल्लेख तुम्ही केलात ते बरं झालं, कारण उत्तर तिथूनच सुरू होतं. जांभा लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. सोप्या भाषेत तो गंजच. त्यात लोह भरपूर आहे, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लातही फारसं सुटत नाही. विरघळलं नाही म्हणजे आतड्याच्या पेशीपर्यंत पोचलंच नाही. विहिरीच्या तळाशी बसणारा तांबूस गाळ हाही तसलाच. एखाद्या गरोदर बाईला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ते लोह कमी असल्याचं लक्षण समजा. मातीतून तिला लोह मिळत नाही. उलट मातीतले चिकणकण जेवणातलं लोह धरून ठेवतात, आणि जंत पोटात जातात ते वेगळेच.

लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठराच्या लगेच पुढच्या भागात, लहान आतड्याच्या सुरुवातीला. तिथल्या पेशींवरचं दार फक्त दोन भार असलेलं लोह, म्हणजे फेरस, आत घेतं. तीन भार असलेलं फेरिक लोह आधी फेरस व्हावं लागतं. पेशीच्या पृष्ठभागावर त्यासाठी एक एन्झाइम आहे, पण त्याच्यापर्यंत फेरिक लोह विरघळलेल्या अवस्थेत पोचायला हवं. खरी अडचण इथे येते. जठरात आम्ल तीव्र असतं, पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल तीव्र) दोन-तीनच्या खाली, तिथे फेरिक विरघळलेलं राहतं. पुढे आतड्यात आम्लता उतरली की ते साक्यासारखं खाली बसतं. फेरस मात्र पीएच सातच्या आसपासपर्यंत विरघळलेलं राहू शकतं. गोळीच्या पाकिटावर 'फेरस' आहे की 'फेरिक' हे बघायला सांगतात ते यामुळे.

माशामटणातल्या लोहाची वाट निराळी आहे. ते हीम नावाच्या रेणूच्या कड्यात (हिमोग्लोबिनमध्ये असतं तेच) बंद असतं आणि त्या कड्यासकट आत जातं. त्यामुळे चहाचा किंवा नाचणीतल्या फायटेटचा (दाण्यातलं, लोहाला धरून ठेवणारं संयुग) त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. हीम लोहातलं साधारण १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. भाजी-धान्यातलं लोह जेवणात सोबत काय आहे त्यावर अवलंबून २ ते २० टक्के. पण 'मासे खातो' एवढं पुरत नाही. पापलेट, बोंबील यांच्या पांढऱ्या मांसात हीम थोडंच असतं. तारली आणि बांगड्याच्या गडद मांसात ते जास्त असतं, कारण सतत पोहणाऱ्या माशाला तिथे प्राणवायू साठवावा लागतो. पुष्कळ घरांत बांगड्याचा तो काळपट भाग काढून मुलांना फक्त पांढरा भाग भरवतात. भरवायला हवा तो नेमका काळपट भाग. माशाचा आणखी एक उपयोग आहे: त्याच ताटातल्या भाताचं आणि भाजीचं लोहही त्याच्या सोबतीनं जास्त शोषलं जातं. म्हणून एका दिवशी किलोभर मासळी आणि मग आठवडाभर काही नाही, यापेक्षा रोज दोन तारल्या बऱ्या.

आता गोळ्या. पाकिटावरचा मोठा आकडा बघू नका, त्याखाली 'एलिमेंटल आयर्न' किती लिहिलंय ते शोधा. क्षाराच्या वजनात लोह थोडंच असतं, बाकी सोबतचं संयुग. स्फटिकजल असलेल्या फेरस सल्फेटमध्ये सुमारे २० टक्के लोह, सुकवलेल्यात ३० टक्क्यांच्या वर, फेरस फ्युमरेटमध्ये ३३ टक्के, फेरस ग्लुकोनेटमध्ये फक्त १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅमची ग्लुकोनेटची गोळी मोठी दिसली तरी तिच्यात लोह ३६ मिलिग्रॅम, आणि २०० मिलिग्रॅमच्या फ्युमरेटच्या गोळीत ६५ च्या आसपास. तुमच्याकडच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम शुद्ध लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. रूपाच्या दृष्टीनं ही गोळी कुठेही कमी नाही. सरकारी आणि स्वस्त म्हणून बायका तिला हलकी समजतात, तो गैरसमज तुम्हीच काढू शकता.

फेरस अॅस्कॉर्बेटमध्ये लोह व्हिटॅमिन सीच्या जोडीनं येतं. व्हिटॅमिन सी दोन कामं करतं: फेरिकला फेरस करतं, आणि जठरातच लोहाला हलकं धरून पुढे आम्लता उतरल्यावरही विरघळलेलं ठेवतं. ही गोळी चांगली आहे, पण लाल गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर तोच फायदा बऱ्याच अंशी मिळतो. बिसग्लायसिनेटमध्ये लोहाच्या एका अणूला ग्लायसिनच्या दोन रेणूंनी दोन्ही बाजूंनी पकडलेलं असतं. फायटेटला ते सहज हिसकावता येत नाही, म्हणून धान्य-कडधान्यांच्या जेवणाबरोबर घ्यायचं असेल तर याचा फायदा स्पष्ट दिसतो. मळमळही कमी होते. पण रिकाम्या पोटी, जिथे फायटेटच नाही, तिथे साध्या फेरस सल्फेटपेक्षा त्याची आघाडी फारशी उरत नाही. मग जास्त पैसे मोजण्याचं कारण एकच: साधी गोळी अजिबात सोसत नसणं.

सिरपमध्ये बहुधा आयर्न पॉलिमाल्टोज किंवा पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स असतं. यातलं लोह फेरिक असतं आणि साखरेच्या लांब साखळ्यांत गुंडाळलेलं असतं. चव बरी लागते, पोट बिघडत नाही, म्हणून लोकप्रिय. पण शोषण हळू आणि कमी. २०१७ साली अमेरिकेत ९ ते ४८ महिन्यांच्या रक्तक्षयी बालकांवर तुलना झाली होती. दिवसातून एकदा, दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम लोह, बारा आठवडे. फेरस सल्फेट मिळालेल्या मुलांचं हिमोग्लोबिन ७.९ वरून ११.९ झालं, पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्सवाल्यांचं ७.७ वरून ११.१. लोह तितकंच होतं, फरक फक्त रूपाचा. गरोदरपणात वेळ मोजकी असते, तिथे हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

लोहभस्म आणि मंडूरभस्म यांच्याबद्दलही विचारणा होते. त्यांत लोह बहुतांशी ऑक्साइडच्या रूपात असतं. भस्म किती बारीक आहे आणि जठरात आम्ल किती आहे यावर त्यातलं किती सुटेल ते ठरतं, आणि दोन्ही गोष्टी दर वेळी सारख्या नसतात. पाच-सहा महिन्यांच्या गरोदर बाईची लाल गोळी बंद करून त्या जागी भस्म देऊ नये.

रूप चांगलं असूनही गोळी वाया जाते ती बहुतेक वेळा सोबतीमुळे. सर्वांत मोठी चूक म्हणजे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेणं. दोन्ही गोळ्या उपकेंद्रातून एकत्र मिळतात, म्हणून एकत्रच तोंडात जातात. कॅल्शियम हीम आणि बिगर-हीम, दोन्ही लोहांच्या आड येतं. सोपं वेळापत्रक असं: कॅल्शियमची एक गोळी सकाळी पेजेबरोबर, दुसरी दुपारच्या जेवणाबरोबर, कारण कॅल्शियम कार्बोनेटला जेवणानं सुटणारं आम्ल लागतं. लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्याआधी. झोपेत मळमळही कमी जाणवते. सोबत साधं पाणी किंवा लिंबू पिळलेलं पाणी, दूध नको.

दुसरी चूक चहाची. जेवणाबरोबर घेतलेला एक कप चहा त्या जेवणातल्या बिगर-हीम लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. चहातलं टॅनिन लोहाला असं घट्ट धरतं की ते सुटत नाही. चहा सोडा असं सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. जेवण किंवा गोळी यांच्यापासून दीड-दोन तास लांब ठेवा, एवढंच सांगा.

तिसरी गोष्ट कुणाला सुचत नाही: अॅसिडिटीची गोळी. लोहाच्या गोळीनं जळजळतं म्हणून बाई रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेते, जठरातलं आम्ल कमी होतं आणि फेरिक लोह विरघळायचं थांबतं. तिचं हिमोग्लोबिन वाढत नसेल तर पिशवीतली सगळी पाकिटं बघायला मागा. जळजळ फार असेल तर अर्धं केळं खाऊन गोळी घ्यावी. शोषण थोडं घटेल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते चालेल.

साठवणही महत्त्वाची. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत फेरस क्षार हवेतल्या प्राणवायूनं फेरिक होऊ लागतात. साखरेचं आवरण चिकट होतं, गोळीवर तपकिरी डाग येतात. सगळ्या गोळ्या एका डबीत ओतून ठेवू नयेत, पट्टीतून रोज एकच काढावी. डाग पडलेली पट्टी बदलून द्या.

आणि शरीराची स्वतःचीही एक झडप आहे, हेप्सिडिन नावाचं संप्रेरक. लोहाची ६० मिलिग्रॅम किंवा मोठी मात्रा घेतली की यकृत हेप्सिडिन वाढवतं आणि साधारण चोवीस तास आतड्यातून पुढे जाणारं लोह रोखलं जातं. म्हणून गरोदर नसलेल्या, थोडं लोह कमी असलेल्या बायकांमध्ये एक दिवसाआड गोळी घेतली तर दर गोळीमागे जास्त लोह शोषलं जातं आणि पोटाचा त्रासही कमी होतो, हे झुरिकमधल्या संशोधनातून पुढे आलं. गरोदर बाईला हे लागू करू नका. तिची गरज मोठी, तिचं हेप्सिडिन मुळातच खाली असतं. 'अॅनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे तिला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, १८० दिवस, आणि हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन. ताप, जुनाट जंतुसंसर्ग, अंगातली सूज यांतही हेप्सिडिन वाढतं. तेव्हा कुठलंही रूप दिलं तरी झडप बंदच असते.

महिनाभर नीट गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमनं वाढायला हवं. शौच काळी होत असेल तर गोळी बहुधा पोटात जातेय. काळी होतेय आणि तरी वाढ नाही, तर गोळी बदलत बसू नका, पुढे पाठवा. जंत, ब-१२ची कमतरता, कुठून तरी होणारा रक्तस्राव किंवा थॅलेसेमिया मायनर असू शकतो. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषात तांबड्या पेशी लहान असतात पण शरीरात लोह पुरेसं असू शकतं, तिथे एचबीए-२ची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) तपासणी लागते. ७ च्या खाली असेल किंवा दिवस भरत आले असतील तर लोह शिरेतून देतात. आतड्याचं दार त्यात लागतच नाही.

आता नाचणी. तिच्याबद्दल कोकणात फार विश्वास आहे, आणि कॅल्शियमसाठी तो योग्यही आहे. लोहाचं गणित मात्र करून बघा. १०० ग्रॅम नाचणीत लोह साधारण ४.६ मिलिग्रॅम आणि फायटेट साधारण ३०० मिलिग्रॅम. लोहाला ५६ नं भागा, फायटेटला ६६० नं, म्हणजे रेणूंची संख्या समोरासमोर येते. लोह ०.०८, फायटेट ०.४५. लोहाच्या एका अणूमागे फायटेटचे साडेपाच रेणू. लोह बरं शोषलं जायला हे प्रमाण एकाच्या खाली लागतं. दाण्याच्या सालीतलं टॅनिन यात धरलेलंही नाही.

फायटेट मोडणारं एन्झाइम, फायटेज, दाण्यातच असतं. ते झोपलेलं असतं, ओलाव्यानं आणि अंकुरानं जागं होतं. म्हणून नाचणी धुऊन ८ ते १२ तास भिजत घाला, ते पाणी ओतून द्या, ओल्या फडक्यात बांधून २४ ते ३६ तास ठेवा. बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत किंवा मंद उबेवर सुकवा, मग हलकी भाजा आणि दळा. चुका इथे होतात. पहिली, आधी भाजून मग भिजवणं: उष्णतेनं फायटेज मरतं, नंतर कितीही भिजवा, उपयोग नाही. दुसरी, पावसाळ्यात मोड आलेली नाचणी नीट न सुकवणं: कुबट वास आला की बुरशी धरलेली असते, ते पीठ बाळाला देऊ नका. तिसरी, 'सत्त्व' करताना भिजवून वाटून फडक्यानं गाळणं. गाळून खाली बसतं तो बहुतांशी स्टार्च. फायटेट चोथ्याबरोबर जातं हे खरं, पण लोह आणि कॅल्शियमही बऱ्यापैकी त्याच चोथ्यात जातं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला पचायला हलकं म्हणून ते द्या, रक्त वाढावं म्हणून नको. त्यासाठी मोड आणून, न गाळता, बारीक दळून चाळलेलं पीठ हवं.

आंबील यापुढची पायरी. फायटेज सर्वांत चांगलं चालतं ते किंचित आंबट पाण्यात, पीएच पाचच्या आसपास. रात्री तीन मोठे चमचे, न भाजता दळलेलं मोडाचं पीठ एक वाटी पाण्यात कालवा, त्यात आदल्या आंबिलीचे दोन चमचे विरजण म्हणून घाला, रात्रभर ठेवा, सकाळी शिजवा. शिजवल्यावर वरून ताक घातलं तर चव तीच येते, पण फायटेज तोवर मेलेलं असतं, फायटेट जागच्या जागी. आंबोळीच्या पिठालाही हाच न्याय. रात्रभर आंबवलेल्या तांदूळ-उडदाच्या आंबोळीतलं लोह, ताज्या पिठाच्या घावण्यापेक्षा जास्त मोकळं असतं. कुळीथ लोहानं चांगला आहे. पिठी करण्यापेक्षा मोड आणून उसळ केली आणि ताटात लिंबू पिळलं तर जास्त लागतो.

बिडाच्या तव्याचा उपयोग होतो, पण सुकी भाकरी भाजून तव्यातलं लोह फार थोडं सुटतं. ओला, आंबट पदार्थ बिडाच्या किंवा लोखंडी कढईत दहा-पंधरा मिनिटं शिजला तर सुटतं.

कोकमाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आंबट म्हणजे व्हिटॅमिन सी असं नसतं. आमसुलाचा आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा, आणि उन्हात सुकवलेल्या आमसुलात व्हिटॅमिन सी फारसं उरत नाही. फळांतली आम्लं लोहाला थोडी मदत करतात, पण लिंबू, आवळा, पेरू यांच्याइतका भरवसा आमसुलावर ठेवू नये. व्हिटॅमिन सी उकळल्यानं जातं, म्हणून लिंबू आमटीत उकळायचं नाही, ताटात पिळायचं. एका जेवणाबरोबर २५ ते ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी मिळालं तर भाजी-धान्यातल्या लोहाचं शोषण दुपटीच्या पुढे जाऊ शकतं. अर्धा पेरू त्याला पुरतो. काजूच्या बोंडात व्हिटॅमिन सी भरपूर असतं, पण घशाला बसणारा तुरटपणा टॅनिनचा असतो. ते जेवणाबरोबर नको, मधल्या वेळी खावं. सोलकढीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा: नारळाच्या रसात दुधाचं कॅल्शियम नाही आणि चहाचं टॅनिन नाही. मासळीच्या जेवणानंतर चहाच्या जागी सोलकढी असेल तर त्या जेवणातलं लोह वाचतं.

रेशनवर मिळालेला फोर्टिफाइड तांदूळ बायका निवडून फेकतात, 'प्लास्टिकचा' म्हणून. तो तांदळाच्याच पिठाचा दाणा आहे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ मिसळलेलं असतं, आणि साध्या तांदळात तो शंभराला एक या प्रमाणात घालतात. रूपाचं महत्त्व किती याचा पुरावा त्याच्याच नियमात आहे: फेरिक पायरोफॉस्फेट वापरलं तर किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, आणि सोडियम आयर्न ईडीटीए वापरलं तर त्याच्या बरोबर निम्मं. ईडीटीए लोहाला फायटेटपासून वाचवतं, म्हणून निम्म्यात भागतं. हा भात शिजवताना पाणी ओतून देऊ नका, पेज प्या.

जस्ताची कथा लोहाच्या जवळची आहे, पण इथे भाराचा प्रश्न नाही, विरघळण्याचाच आहे. जस्त ऑक्साइडमध्ये वजनाच्या ८० टक्के जस्त असतं, म्हणून लहान गोळीत मोठा आकडा बसवता येतो आणि स्वस्त मल्टिव्हिटॅमिनमध्ये तेच भरतात. सल्फेटमध्ये स्फटिकजलासकट २३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये १४. पण निरोगी प्रौढांवर मोजलं तेव्हा सायट्रेट आणि ग्लुकोनेटमधलं सुमारे ६१ टक्के शोषलं गेलं, ऑक्साइडमधलं ५०, आणि काहीजणांत ऑक्साइडमधलं जवळजवळ काहीच नाही. ज्यांच्या जठरात आम्ल कमी, त्यांच्या ऑक्साइड कामी येत नाही. जुलाबात बाळांना आपण देतो ती विरघळणारी गोळी बहुधा सल्फेटची असते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १०, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी पूर्ण १४ दिवस. चमचाभर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा.

जस्तासाठी कालवं (ऑयस्टर) उत्तम. जगातल्या सर्वाधिक जस्ताच्या पदार्थांत त्यांची गणना होते. खाडीत गटाराचं पाणी येत असेल तिथली मात्र नकोत, आणि कच्ची कधीच नकोत. उलट बाजूनं, कोविडच्या काळात ५० मिलिग्रॅमच्या जस्ताच्या गोळ्या लोकांनी महिनोन्महिने घेतल्या, काही अजून घेतात. जस्त जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन बनवतात. ते तांब्याला जस्तापेक्षा घट्ट पकडतं, आणि पेशी झडली की तांबं तिच्याबरोबर बाहेर. परिणामी रक्तक्षय होतो जो लोहानं सुधारत नाही, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात. डॉक्टरनं मुदत लिहून दिलेली नसेल तर अशी गोळी चालू ठेवू नये.

तांब्याचं रूप दोन टोकांना जातं. गोळ्यांतलं क्युप्रिक ऑक्साइड जवळजवळ शोषलंच जात नाही, लेबलवर ते दिसलं तर तांबं नाहीच असं समजा. दुसऱ्या टोकाला कल्हई उडालेलं भांडं. तांब्या-पितळेत आगळ (कोकमाचा रस), सोलकढी, ताक, चिंच ठेवली की आम्लानं तांबं विरघळतं आणि ते सहज शोषलं जातं. मळमळ, उलटी त्यानंच होते. दूध आंबट नसतं, पण त्यातलं केसिन तांबं धरून घेतं. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार, इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस, बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत ठेवलेल्या, तापवलेल्या दुधाशी जोडला गेला. पुण्यातल्या डॉक्टरांच्या त्या कामावर १९८३ मध्ये लेख आला. बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवा.

आयोडिनबद्दल किनाऱ्यावर एक पक्का समज आहे: समुद्र दारात, मग आयोडिन कमी कसं? हिशोब करू. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडिन. सगळं आयोडिन मिठातच राहिलं असं धरलं तरी १० ग्रॅम मिठात १४-१७ मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात मिठाचे खडे धरताना आयोडिन बहुतांशी मागे राहणाऱ्या कडवट पाण्यात जातं. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतात, गरोदर बाईला २५०. म्हणजे शिरोड्याच्या, पेणच्या, उरणच्या मिठागरातलं खडे मीठ कितीही ताजं असलं तरी आयोडिनसाठी शून्यच धरा. खारवलेल्या मासळीला, लोणच्याला ते वापरा, रोजच्या भाजी-आमटीला नको. उपवासाच्या शेंदेलोणाचंही तेच. समुद्रातलं आयोडिन आपल्यापर्यंत येतं ते मासळीतून, त्यामुळे श्रावणात आणि शाकाहारी घरांत आयोडिनयुक्त मीठ हाच मुख्य आधार.

भारतात मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, आयोडाइड नाही. पोटात गेल्यावर आयोडेटचं आयोडाइड होतं आणि जवळजवळ सगळं शोषलं जातं, म्हणजे शरीराच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच. फरक पडतो तो बरणीत. दमट हवेत आयोडाइडचं मोकळं आयोडिन होऊन उडून जातं, आयोडेट टिकतं. तरी पावसाळ्यात मीठ पाझरून तळाशी पाणी साचलं तर त्या पाण्याबरोबर आयोडेटही खाली उतरतं. झाकण घट्ट असलेली काचेची किंवा चिनीमातीची बरणी, चुलीपासून लांब, कोरडा चमचा. मीठ शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर घाला. मीठ जास्त खाऊन आयोडिन वाढवायचं नाही.

सेलेनियम कोकणात मासळीतून मिळतं, वेगळी गोळी बहुतेकांना लागत नाही. घेणाऱ्यांनी एवढं जाणावं: सेलेनोमेथिओनिन जवळजवळ सगळं शोषलं जातं आणि मेथिओनिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) समजून शरीर ते स्नायूंत साठवतं, म्हणून जास्त मात्रा हळूहळू साचते. सोडियम सेलेनाइट कमी साठतं, पण व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेत मिसळलं तर त्याचं न शोषलं जाणारं सेलेनियम बनू शकतं. क्रोमियम पिकोलिनेट मधुमेहासाठी विकलं जातं. कुठल्याही रूपातलं क्रोमियम दोन-अडीच टक्क्यांच्या वर शोषलं जात नाही, आणि त्याच्या भरवशावर साखरेची गोळी सोडण्याइतका पुरावा नाही.

मासळीमुळे दोन विषारी मूलद्रव्यांचाही विचार करावा लागतो, आणि तिथेही रूपच निर्णायक आहे. कोळंबी, कुर्ल्या, मासे यांत आर्सेनिक सापडतं, पण ते मुख्यतः आर्सेनोबेटेन असतं, जे शोषलं जातं आणि लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. विहिरीच्या पाण्यात येतं ते असेंद्रिय आर्सेनिक मात्र खरं विष. म्हणून लघवीतलं आर्सेनिक तपासायचं तर आधी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवायची, नाहीतर अहवाल उगाच घाबरवतो. पाऱ्याचं उलट आहे: मोठ्या माशांत तो मिथिल पारा म्हणून असतो, सुमारे ९५ टक्के शोषला जातो आणि वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. फुटलेल्या थर्मामीटरचा गिळलेला पारा जवळजवळ शोषला जात नाही (त्याची वाफ मात्र धोक्याची). गरोदर आणि बाळंत बायकांना मोरी (शार्क मासा) द्यायची पद्धत आहे. द्यायची तर लहान द्या आणि क्वचित द्या, मोठ्या मोरीचे तुकडे टाळा. तारली, बांगडा, मांदेली यांना ही अडचण जवळजवळ नाही.

शेवटची गोष्ट घरभेटीत दर वेळी सांगाच. साखरेच्या आवरणाची लाल गोळी लहान मुलाला चॉकलेट वाटते. फेरस क्षार चटकन विरघळतात, हाच त्यांचा गुण इथे घातक ठरतो. दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम लोहानं उलट्या-जुलाब सुरू होतात, ६० मिलिग्रॅमनं जीव धोक्यात येतो. दहा किलोच्या मुलासाठी याचा अर्थ एका पट्टीतल्या दहा गोळ्या. आधी काळपट किंवा रक्ताच्या उलट्या होतात, मग सहा तासांनंतर मूल बरं झाल्यासारखं दिसतं, आणि त्याच काळात यकृताला इजा होत असते. बरं दिसतंय म्हणून थांबू नका. रिकामी पट्टी हातात घ्या, उरलेल्या गोळ्या मोजा आणि मुलाला थेट रुग्णालयात न्या. लोह फेरस होतं की पॉलिमाल्टोज, हे तिथल्या डॉक्टरांना त्या पट्टीवरूनच कळेल, आणि उपचार त्यावर ठरतील.